राजाला जोडी

माझी बायको म्हणते, राग तुमच्या नाकाच्या शेंड्यावर असतो. खोटं आहे. नाकाचा शेंडा फार लांब झाला, माझा राग जिभेवरच असतो. तो जिभेवरून बाहेर पडला की मी दोन मिनिटांत मोकळा, समोरच्याला चहासुद्धा पाजतो. पण एखाद्या दिवशी तो बाहेर न पडता पोटातच राहिला, की माझ्या हातून काहीतरी वाईट घडतं. हे मला अणदूरच्या गोरोबा मामांमुळे कळलं.

नळदुर्गात हायवेला लागून माझं दुकान आहे. पाटीवर 'कल्याणप्पा पशुखाद्य भांडार' असं लिहिलेलं आहे. सरकी पेंड, भुसा, दावी, म्होरक्या, घुंगरमाळा हा वडिलांपासूनचा माल. उजव्या हाताची भिंत मात्र माझी स्वतःची. तिथं काचेच्या टाक्या आणि त्यांत रंगीत मासे. वडील असते तर म्हणाले असते, ज्याचं दूध निघत नाही, ज्याला नांगराला जुंपता येत नाही आणि आपण लिंगायत माणसं जे खातही नाही, ते जनावर विकून तू काय करणार? ते होते तोवर मी त्यांचं ऐकलं. ते गेले आणि वर्षभरात मी टाक्या मांडल्या.

कार्तिक सरत आला होता, थंडी पडू लागली होती. बुधवारी सकाळी एक म्हातारे गृहस्थ दुकानात आले. धोतर, तांबडा पटका, खांद्यावर घोंगडी. पोटाशी काहीतरी धरलं होतं आणि त्यावर घोंगडीचं टोक पांघरलं होतं. मला वाटलं कोकरू आहे. त्यांनी घोंगडी बाजूला केली तर आत लोणच्याची काचेची बरणी, आणि बरणीत बेटा जातीचा एक निळा-तांबडा मासा. अणदूरहून जीपमध्ये बरणी मांडीवर धरून आणली होती, पाणी थेंबभरसुद्धा सांडलं नव्हतं.

"आप्पा, ह्याला घर पायजे," ते म्हणाले.

माणूस मला तिथंच आवडला. आमचा खंडोबा वर्षातले काही दिवस नळदुर्गात आणि बाकीचे अणदुरात राहतो, त्यामुळे अणदूरचा माणूस आमच्याकडं आला की पाहुण्यासारखा वागत नाही, हक्कानं बोलतो. गोरोबा मामांनी पेंडीच्या पोत्यावर बैठक मारली आणि सगळी हकीकत सांगितली.

मासा त्यांच्या नातीचा, मोनिकाचा. मुलगा आणि सून पुण्याला कारखान्यात. पोर लहानपणापासून आजा-आजीपाशी वाढली. दहावी झाली आणि तिला शिकवणीसाठी लातूरच्या होस्टेलवर ठेवली. ती तिकडं असतानाच आजी, म्हाळसाबाई, दोन दिवसांच्या तापात गेली. पोर पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. पुढं तिनं सोलापूरच्या जत्रेतून हा मासा आणला आणि सुट्टीभर त्याच्यापाशीच बसून राहिली. या दिवाळीला घरी आली ती परत जायलाच तयार होईना. म्हणाली, मी इथं नसले की माझं माणूस जातं. आता राजा जाईल. माशाचं नाव राजा.

"मग म्या काय केलं," गोरोबा मामा म्हणाले, "तिला घेऊन देवळात गेलो. बेलभंडारा उचलला. म्हणलं, उन्हाळ्याला येशील तवा तुझा राजा तुला जित्ता दाखवीन. तवा कुठं पोर गाडीत बसली. आता हा मेला तर ती लातूर सोडती बगा. आन् माझ्या शब्दाची काय किंमत?"

आमच्या भागात बेलभंडारा कुणी उगाच उचलत नाही. बांधाचे तंटे त्याच्यावर मिटतात. देवाचा भंडारा आणि बेलाचं पान हातात घेऊन बोललेला शब्द मोडला तर माणूस गावात मान वर करून चालत नाही.

मग मी टाकी निवडायला उठलो. गोरोबा मामांनी गोल भांड्याकडं बोट दाखवलं. सगळे तेच दाखवतात, ते दिसतं छान.

"ते न्हाय मामा," मी म्हणालो. "त्यात पाणी दोन तांबे. आज घाण केली की उद्या त्यातच श्वास." मी दीड फुटी टाकी खाली काढली. वीस-बावीस लिटरची, उंचीला कमी, लांबीला जास्त. "हा मासा वर येऊन हवा घेतो. उंच टाकीत त्याला उगाच चढ-उतार. आडवं घर बरं."

"मासा आन् हवा घेतो?"

"हा घेतो. म्हणून तर लोक त्याला कपात कोंबतात. कपात बी जगतो तो. पण जगणं वेगळं आन् नांदणं वेगळं."

हे वाक्य त्यांना पटलेलं दिसलं. मग मी एकेक वस्तू काढत गेलो. वर झाकण, कारण हा उडी मारतो. बारीक पंपावर चालणारी स्पंजाची जाळी, पाणी हळू फिरवणारी, जोराचा फवारा याला सोसत नाही. खाली गुळगुळीत खडे. प्लॅस्टिकची पानं त्यांनी हातात घेतली तेव्हा मी म्हणालो, बोटावर ओढून बघा, टोचलं ना, मग याची शेपटी फाटणार. त्याऐवजी पाण्यातली खरी वनस्पती दिली. लपायला एक लहान मडकं. नळाच्या पाण्यातलं औषध मारणारे थेंब. दाणे सकाळी तीन, संध्याकाळी दोन, भाकरीचा चुरा अजिबात नाही. मी रंगात आलो होतो. इतकं मन लावून ऐकणारं गिऱ्हाईक महिन्यातून एखादं येतं.

आणि मग मी हीटर काढला.

दुकानात तेव्हा तिघेजण होते. हायवेवरचा ढाबेवाला श्रीमंत आणि पेंडीला आलेले दोन शेतकरी. गोरोबा मामांनी हीटरची कांडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि मोठ्यानं म्हणाले, "आप्पा, मासा पाळायचा हाय का शिजवायचा?"

तिघेही हसले. मीही हसलो. म्हटलं, "मामा, हा गरम मुलखातला मासा. आपल्याकडं पुस-माघात पाणी गार पडतं, हा गारठून आजारी पडंल."

"पंचावन वरसं मेंढरं राखली म्या. उघड्या रानात. एका मेंढराला शेगडी लावली न्हाय," असं म्हणून ते श्रीमंतकडं वळले. "दुकानदार लई हुशार असतोय बगा. आज हिटर इकतोय, उद्या माशाला सेटर विणून दील."

श्रीमंत पोट धरून हसायला लागला. म्हणाला, "रस्सा करायचा ठरला तर माझ्याकडं आणा मामा, मसाला माझा." पेंडीवाल्यांनाही तेवढंच निमित्त हवं होतं. माझ्याच दुकानात, माझ्या बापाच्या तसबिरीखाली चार माणसं मला हसत होती. माझे कान तापले. शिवी जिभेवर आली होती. ती दिली असती तर बरं झालं असतं.

हीटर सोडून सगळं बांधून झालं. गोरोबा मामा उठता उठता म्हणाले, "आता ह्याला जोडी द्या."

"कसली जोडी?"

"सर्जा. माझी बैलजोडी हुती, सर्जा-राजा. सर्जा गेला तर राजानं बारा दिस गव्हाणीत तोंड घातलं न्हाय. बाराव्या दिशी तो बी गेला. त्येचंच नाव पोरीनं माशाला दिलंय. एकट्यानं कुणी जगत न्हाय, आप्पा. असाच द्या, रंगाला आन् अंगाला सारखा. जोड जुळली पायजे."

हे मासे मीही एकेका कपात ठेवूनच विकत होतो. मामा खरंच त्या कपांच्या रांगेसमोर उभे राहिले. बैलबाजारात माणूस खोंड बघतो तसे एकेक कप उचलून, फिरवून बघू लागले. शेवटी हुबेहूब राजासारखा नर निवडला.

या माशाला बाजारात फायटर म्हणतात. दोन नर एका टाकीत सोडले की एकच उरतो, हे पहिल्या दिवशी शिकायचं असतं. त्या सकाळी मी ते नावसुद्धा तोंडातून काढलं नाही. मनात म्हटलं, कर जोडी. पंचावन वर्षं मेंढरं राखलीस ना? पालथ्या घड्यावर मी पाणी कशाला ओतू? पिशवीत पाणी भरलं, मासा सोडला, वर रबर लावला आणि एवढंच सांगितलं, "टाकीचं पाणी रविवारपर्यंत मुरू द्या. तोवर दोघं वेगवेगळ्या बरण्यांत ठेवा." पंप बिघडला तर असू दे म्हणून त्यांनी माझा फोन नंबर घेतला आणि आपलाही वहीत लिहायला लावला.

शुक्रवारी त्यांचा फोन आला. आवाज एकदम खुशीत.

"आप्पा, दोन बरण्या शेजारी ठेवल्यात बगा. एकमेकाला बघून असे फुलारतात, मोरानं पिसारा काढावा तसं! वळख झाली दोघांची."

ती ओळख नव्हती. ती लढाईची तयारी होती आणि मला ते स्वच्छ कळत होतं. दुकानात गिऱ्हाईक होतं, हे खरं. पण 'मामा, एकत्र सोडू नका' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी "हां, हां" म्हणालो आणि फोन ठेवला.

रविवारी जेवताना मी बायकोला ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली. हीटरच्या जागी ती हसली. सेटरच्या जागी तर तिला ठसका लागला. मग मी जोडीचं सांगितलं आणि ती हसायची थांबली.

"तुमी सांगितलं ना त्यांना?"

मी भात कालवत राहिलो.

"अवो, सांगितलं ना?"

"त्यांनी विचारलं न्हाय."

तिनं ताकाचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "बेलभंडारा उचललाय त्या माणसानं." बास, एवढंच. पुढं तिनं मला ताकसुद्धा वाढलं नाही.

मी वही काढून फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. हात धुतला, पिशवीत औषध आणि हीटर टाकला आणि गाडीला किक मारली. हायवेला ट्रकांची रांग होती. प्रत्येक ट्रकच्या मागं अडकल्यावर मी त्या ड्रायव्हरला शिव्या देत होतो. त्या कुणासाठी होत्या ते मला माहीत होतं.

गोरोबा मामांचं घर देवळामागच्या गल्लीत. पुढं पत्र्याची पडवी, तिथं एका लाकडी पेटीवर टाकी ठेवलेली. मामा तिच्यासमोर उकिडवे बसले होते. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, शेजारी चहाची गाळणी पडलेली. टाकीच्या मधोमध एक जाळी ताणून बसवली होती. मेंढरं रात्री कोंडायला मेंढपाळ जाळ्याचं कुंपण घालतात, त्याला वाघर म्हणतात. त्या जुन्या वाघरीचा तुकडा कापून, चार घड्या घालून त्यांनी दोन कामट्यांना बांधला होता. जाळीच्या एका बाजूला सर्जा ऐटीत फिरत होता. दुसऱ्या बाजूला राजा मडक्याला टेकून तळाशी पडला होता. त्याच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या होत्या.

"या आप्पा," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "दुपारी सोडले दोघं. आधी वाटलं खेळत्यात. मग एक जण अंग तिरपं करून दुसऱ्याच्या बाजूनं फिराया लागला. तवा माझ्या काळजात चर्र झालं. मेंढा बी धडक द्यायच्या आधी असाच फिरतो. म्या हात घातला, पर तेवढ्यात सर्जानं राजाचं शेपूट धरलं हुतं. चहाच्या गाळणीनं काढला." ते थांबले. "दोन मेंढे एका वाघरीत घालीत न्हाईत, हे म्या पोर असताना शिकलोय. पर माशात बी मेंढा असतोय, हे कुठं ठावं?"

मी काय बोललो ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. मी म्हणालो, "मामा, हा सर्जा हुबेहूब तसाच हाय. ह्यालाच राजा म्हणून ठेवा. पोरीला कळायचं न्हाय."

त्यांनी मान हलवली. "दोनशे मेंढरांत कोकराला आपली आई बरोबर घावती. पोरीला न्हाय कळणार व्हय? आन् तिला न्हाय कळलं तरी देवाला काय सांगू? जोड लई चांगली जुळली हुती म्हणून?"

मी औषधाची बाटली काढली. किती थेंब टाकायचे ते चिठ्ठीवर बघू लागलो.

"तुमी सांगितलं आसंल, आप्पा," ते टाकीकडं बघत म्हणाले. "एवढं समदं सांगितलं तुमी. खड्याचं सांगितलं, पानाचं सांगितलं. हे बी सांगितलं आसंल. म्याच हसण्याच्या नादात हुतो. माझ्या ध्येनात न्हाय राहिलं."

म्हातारा माझी चूक आपल्या अंगावर घेत होता. मला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसायला तर मी बुधवारपासून शिकलोच होतो.

"न्हाय मामा," मी म्हणालो. "मी सांगितलं न्हाय. मला ठावं होतं. बुधवारी बी ठावं होतं, शुक्रवारी तुमचा फोन आला तवा बी. तुमी चारचौघांत मला हसलात, म्हणून मी गप्प बसलो."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. मला वाटलं आता शिवी येईल, काठी येईल. आली असती तर मला हलकं वाटलं असतं.

"हसल्याचा राग?"

"व्हय."

"मग माझ्यावर काढायचा हुता की, आप्पा," ते म्हणाले आणि काचेवर बोट टेकवलं. "ह्यानं काय केलं हुतं?"

मी खाली बसलो आणि कामाला लागलो. सर्जाला काढून बरणीत ठेवलं. वाघर सोडवली. टाकीत हात घातला तर पाणी बर्फासारखं. मी पिशवीतून हीटर काढला आणि मामांकडं बघितलं. ते उठले आणि वायर धरून बटणापाशी उभे राहिले. हीटरचा बारका लाल दिवा लागला. औषधाचे थेंब मी मोजून टाकले, त्यांनीही माझ्याबरोबर मोजले. अर्ध्या-पाऊण तासानं राजा मडक्यापासून सुटला, हळूहळू वर आला, एक बुडबुडा घेतला आणि परत खाली गेला.

"घेतली हवा," मामा म्हणाले.

तेवढ्यात त्यांचा बटणाचा फोन वाजला. दर रविवारी होस्टेलवर पोरींना तासभर त्यांचे मोबाइल देत. मला वाटलं ते आता काहीबाही सांगून वेळ मारून नेतील. आठवडाभर सहज निभलं असतं.

"मोने," ते म्हणाले, "राजाला लागलंय. शेपूट फाटलंय. जित्ता हाय." मग तिकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही, पण मामांनी फोन जरा कानापासून लांब धरला. ती थांबल्यावर म्हणाले, "दोघांची चूक झाली बाळा. एकाला ठावं न्हवतं, आन् एकानं सांगितलं न्हाय. तो दुसरा इथंच बसलाय. स्वतःच्या पायानं आलाय. घे, बोल."

फोन माझ्या हातात आला. सतरा वर्षांच्या पोरीशी बोलायला मी उठून उभा राहिलो.

"काका," ती रडक्या आवाजात म्हणाली, "जगेल का तो?"

"जगंल. शेपटी परत फुटती. दोन महिने लागतात. नवी आली की कडेला जरा फिकी दिसंल."

"मी घरी येऊ का?"

मामा माझ्या तोंडाकडं बघत होते. त्यांचा बेलभंडारा या एका उत्तरावर होता आणि ते उत्तर द्यायचं माझ्यावर आलं होतं.

"नको," मी म्हणालो. "मी दर रविवारी इथं येतो. माझ्या फोनवरून तुला त्याचा फोटो पाठवतो. लागलं असंल ते बी दाखवीन, काही झाकणार न्हाय."

ती नाक ओढून म्हणाली, "बरं. आणि काका, पाणी कसं बदलायचं ते आबांना नीट सांगा. ते विचारत नाहीत. पण सांगितलं की ऐकतात."

"सांगतो," मी म्हणालो.

पुढचं थोडक्यात सांगतो. राजाची शेपटी फुटली. बावीस रविवार मी फोटो पाठवले. मे महिन्यात मोनिका आली, तेव्हा राजा झाकणापर्यंत उसळून तिच्या बोटापाशी आला. कडेची फिकी रेघ तिनं लगेच ओळखली. सर्जा आता माझ्या गल्ल्याशेजारी दीड फुटी टाकीत असतो आणि कुणी कितीही मागितला तरी तो मी विकत नाही. कपांची रांग मात्र मी त्या पहिल्याच आठवड्यात काढून टाकली.

पण मला आठवतो तो पहिलाच रविवार. फोन झाल्यावर मी मामांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. पाणी आठवड्याला चौथाई बदलायचं, सगळं एकदम काढायचं नाही, नवं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायचं. त्यांनी एकदाही मधे टोकलं नाही. मग मी सर्जाची बरणी उचलली आणि गाडीपाशी आलो. ते मागोमाग आले.

"ह्याला न्यावाच लागंल?"

"न्यावाच लागंल मामा. राजाला एकट्यालाच ठेवायचं."

"करमतं त्येला एकट्याला?"

"करमतं. त्याची जातच तशी. त्याला कुणी लागत न्हाय."

गोरोबा मामांनी मागं वळून बघितलं. पडवी रिकामी होती. आत चुलीपाशी कुणी नव्हतं, गोठ्यात बैल नव्हते, दावणीच्या खुंट्या तेवढ्या राहिल्या होत्या. एका कोपऱ्यात टाकीचा पंप बारीक आवाज करत होता.

"बरं हाय त्येचं," ते म्हणाले.

मी गाडीला किक मारली होती. ती बंद केली. बरणी पुन्हा पडवीत नेऊन ठेवली आणि म्हणालो, "मामा, च्या टाका. पाण्याचं एक राहिलंच सांगायचं."

काहीच राहिलं नव्हतं. मी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं आणि त्यांनी ते पुन्हा ऐकलं.